टाकाऊपासून टिकाऊ? : ई-कचऱ्यातून घडणाऱ्या कलेच्या मूल्यमापनाचे निकष

प्रस्तावना

'टाकाऊपासून टिकाऊ' हा शब्दप्रयोग आपल्या घरांना आणि शाळांना नवा नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी, बोहारणीला जुने कपडे देऊन घेतलेले पातेले, फुटकी घागर मोडीत घालून तांबटाकडून आणलेली नवी कळशी, या सर्व व्यवहारांमागे एक जुनी समजूत आहे. वस्तू संपत नाही, तिचे रूप तेवढे पालटते, ही ती समजूत होय. अलीकडच्या काळात महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत, विज्ञानदिनाच्या प्रदर्शनांत आणि पर्यावरण मंडळांच्या स्पर्धांत याच शीर्षकाखाली एक वेगळे साहित्य दिसू लागले आहे. संगणकाचे मदरबोर्ड, कीबोर्डच्या कळा, मोबाईलचे सांगाडे, निकामी सीडी आणि वायरींची भेंडोळी यांतून गणपती, मोर, वृक्ष आणि यंत्रमानव घडविले जातात. परीक्षक कल्पकता, सुबकता आणि 'पर्यावरणाचा संदेश' या तीन रकान्यांत गुण देतात आणि पारितोषिके वाटली जातात.

ई-कचऱ्यातून घडणारी कला हा आज जागतिक पातळीवरील दृश्यकलेचा एक मान्यताप्राप्त प्रवाह आहे. तथापि मराठीत या प्रवाहाची दखल प्रामुख्याने वृत्तपत्रीय कौतुकाच्या स्वरूपात घेतली गेलेली दिसते. अशा कलाकृतींचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो विचारण्याचा प्रयत्न केला आहे. गोधडीसाठी योग्य असलेला निकष सर्किट बोर्डाला लावता येत नाही आणि तो लावल्यामुळे कलेचे व माणसांचे दोघांचेही नुकसान होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. मोड, गोधडी आणि सर्किट बोर्ड

आपल्याकडील पुनर्वापराच्या परंपरेत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली अशी की, टाकलेली वस्तू निरुपद्रवी असते. सुती लुगडे विरले तरी ते सूतच राहते. दुसरी अशी की, ती वस्तू कोणाची होती हे ठाऊक असते. गोधडीत आजीच्या लुगड्याचा तुकडा ओळखू येतो, किंबहुना ती ओळख हाच गोधडीच्या सौंदर्याचा एक भाग असतो. तांब्या-पितळेच्या 'मोडी'चेही तसेच आहे. भांडे वितळविले की शुद्ध धातू हाती येतो. त्याचे वजन होते, मोल होते आणि त्याच धातूचे दुसरे भांडे घडते.

सर्किट बोर्डाच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतके कोसळतात. काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी राळ यांच्या पाटीवर तांब्याचे थर बसविलेले असतात. आग लागू नये म्हणून राळेत ब्रोमीनयुक्त रसायने मिसळलेली असतात. सुटे भाग जोडण्यासाठी जुन्या यंत्रांत कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचे सोल्डर वापरलेले असते आणि जोडणीच्या टोकांना सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो. हे सर्व पदार्थ एकमेकांपासून सहजी वेगळे होऊ नयेत, अशाच रीतीने ते एकत्र आणलेले असतात. म्हणून त्यांची 'मोड' घरगुती पद्धतीने होऊ शकत नाही. ती करायची तर एकतर सुसज्ज कारखाना लागतो किंवा उघड्यावरची आग आणि तेजाब लागते. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या चित्रनलिकेची काच शिसेयुक्त असते, कारण आत निर्माण होणारे क्ष-किरण बाहेर येऊ नयेत हे तिचे काम असते. तीच काच फुटली की प्रेक्षकाचे रक्षण करणारे शिसे ती फोडणाऱ्याच्या वाट्याला येते.

दुसरे गृहीतकही असेच कोसळते. वापरणाऱ्याच्या हातून सुटलेला संगणक भंगारवाल्याकडे, तेथून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्तीत पोहोचतो, तेव्हा त्याच्यावर कोणाचीही ओळख उरलेली नसते. तो वजनावर विकला जाणारा माल झालेला असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि संयुक्त राष्ट्रांची 'युनिटार' ही संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. त्याच वर्षी भारताचा वाटा सुमारे ४१ लाख टनांचा होता. उरलेला कचरा ज्या हातांतून गेला त्या हातांची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही.

या आकड्यांचा कलासमीक्षेशी थेट संबंध आहे. कोणतीही कलाकृती काही किलो, फार तर काही टन कचरा वापरते. तेव्हा 'या कलेमुळे कचरा कमी होतो' हा तिच्या समर्थनार्थ नेहमी केला जाणारा दावा टिकत नाही. ई-कचऱ्याच्या कलेचे समर्थन करावयाचे असेल, तर ती काय साफ करते यावर नव्हे, तर ती काय दाखविते यावर करावे लागेल.

२. पूर्वपरंपरा

टाकलेल्या वस्तूला कलेत आणण्याची आधुनिक परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे. मार्सेल द्युशाँने १९१७ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनासाठी चिनी मातीचे मूत्रपात्र 'फाउंटन' या नावाने पाठविले, तेव्हा वस्तूच्या घडणीपेक्षा तिच्या निवडीला महत्त्व आले. ज्याँ टिंग्ली या स्विस शिल्पकाराने १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या प्रांगणात 'होमेज टू न्यूयॉर्क' ही रचना उभी केली. सायकलींची चाके, मोटारी, पियानो अशा भंगारातून, बिली क्लूव्हर या अभियंत्याच्या साहाय्याने घडविलेले हे यंत्र स्वतःलाच मोडीत काढण्यासाठी निर्माण केलेले होते आणि सुमारे अर्ध्या तासात ते निकामी झाले. यंत्राचा शेवट हाच येथे कलेचा आशय झाला.

विद्युत-माध्यमाच्या संदर्भात नाम जून पैक (१९३२–२००६) या कोरियात जन्मलेल्या कलावंताचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९६३ मध्ये जर्मनीतील वुपर्टाल येथे त्याने दूरचित्रवाणी संचांच्या मंडलांत फेरफार करून त्यांचे प्रदर्शन मांडले. १९६५ च्या 'मॅग्नेट टीव्ही' या कृतीत संचाच्या माथ्यावर लोहचुंबक ठेवून पडद्यावरील प्रतिमा वाकविली आहे. घराघरांत अधिकारवाणीने बोलणारे यंत्र आतून उघडता येते आणि त्याला दुसरे काही बोलायला लावता येते, ही पैकची मूळ अंतर्दृष्टी होय.

भारतात नेक चंद (१९२४–२०१५) यांचे चंदीगढ येथील रॉक गार्डन हे या परंपरेचे सर्वपरिचित उदाहरण आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेक चंद यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम गुपचूप सुरू केले आणि १९७६ मध्ये ते जनतेसाठी खुले झाले. फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि विजेचे निकामी साहित्य यांतून तेथील भिंती व आकृती घडल्या आहेत. नवे शहर वसविताना जी गावे उठविली गेली त्यांचे अवशेषही या बागेत सामावले आहेत. फाळणीमुळे स्वतःचे गाव गमावलेल्या माणसाने ते जमविले, हे ध्यानात घेतले की रॉक गार्डन केवळ 'कल्पक पुनर्वापर' उरत नाही. तेथील वस्तूंना उगम आहे. ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

३. मूल्यमापनाचे तीन प्रश्न

वरील चर्चेवरून ई-कचऱ्याच्या कोणत्याही कलाकृतीसमोर उभे राहताना तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. पहिला प्रश्न उगमाचा : ही वस्तू कोणाच्या वापरातून आली, हे कलाकृती सांगते का? दुसरा प्रश्न हातांचा : फेकणाऱ्यापासून कलावंतापर्यंतच्या मार्गावर ज्यांनी ती वेचली, फोडली, निवडली, त्यांचे अस्तित्व कलाकृतीत कोठे उमटते का? तिसरा प्रश्न पुढच्या प्रवासाचा : कलाकृती झाल्यावर कचरा संपतो असे ती भासविते, की तो अजून संपलेला नाही याचे भान ठेवते?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच कृतीने दिली पाहिजेत असा आग्रह नाही. परंतु तिन्ही प्रश्न ज्या कृतीला शिवतही नाहीत, ती कितीही सुबक असली तरी तिच्यात ई-कचरा हे केवळ चकाकणारे साहित्य उरते. मणी वापरले काय किंवा टिकल्या वापरल्या काय, तिच्या आशयात फरक पडत नाही. पुढील विभागांत काही निवडक कृती या प्रश्नांच्या आधारे तपासल्या आहेत.

४. उगमाचा प्रश्न : दोन ब्रिटिश उदाहरणे

२००५ मध्ये लंडनमध्ये उभारलेला 'वी मॅन' हा सुमारे ७ मीटर उंच आणि ३.३ टन वजनाचा पुतळा पॉल बोनोमिनी यांनी रचला. एक सर्वसाधारण ब्रिटिश नागरिक आयुष्यभरात जितकी विद्युत उपकरणे टाकतो तितक्या वजनाच्या उपकरणांतून तो घडविलेला आहे. संगणकाच्या माऊसचे दात असलेली ही आकृती पुढे कॉर्नवॉलमधील ईडन प्रकल्पात नेण्यात आली. 'वी' ही अक्षरे टाकाऊ विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांविषयीच्या युरोपीय निर्देशाच्या आद्याक्षरांवरून आलेली आहेत.

या पुतळ्याचे बळ त्याच्या मोजमापात आहे. पाहणाऱ्याला तो 'मानवजाती'चा दोष सांगत नाही, तर एका माणसाचा हिशेब उंचीत आणि वजनात मांडतो. आकार मनाने ठरविलेला नसून हिशेबातून आलेला आहे आणि म्हणूनच त्याची अवाढव्यता पटते. उगमाच्या प्रश्नाचे इतके थेट उत्तर देणाऱ्या कृती थोड्या आहेत. मात्र दुसऱ्या प्रश्नाबाबत हा पुतळा मौन पाळतो. ३.३ टन उपकरणे एरवी कोणाच्या अंगणात जाऊन पडली असती, हे तो सुचवीत नाही.

जून २०२१ मध्ये कॉर्नवॉलमधील कार्बिस बे येथे जी-७ राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा जो रश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जवळच्या किनाऱ्यावर 'माउंट रीसायकलमोर' ही शिल्परचना उभी केली. अमेरिकेतील माउंट रशमोर येथे डोंगरात कोरलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या मुखवट्यांच्या धर्तीवर सात राष्ट्रप्रमुखांचे चेहरे ई-कचऱ्यातून घडविलेले होते. येथे उगमाचे उत्तर राजकीय आहे. कचऱ्याची जबाबदारी धोरणकर्त्यांच्या तोंडावरच मांडलेली आहे. तथापि ही कृती ज्या कंपनीने करवून घेतली तिचा व्यवसाय जुने फोन व उपकरणे विकत घेऊन पुन्हा विकण्याचा होता, हेही नोंदविले पाहिजे. त्यामुळे उपहासाची धार नेत्यांपर्यंत पोहोचते आणि ग्राहकापाशी येताच बोथट होते. 'तुमचा जुना फोन आम्हाला विका' हे उत्तर प्रश्नाच्या आधीच ठरलेले असते. व्यंगचित्र म्हणून ही रचना यशस्वी आहे. 'वी मॅन'प्रमाणे ती पाहणाऱ्याला स्वतःचा हिशेब करायला लावीत नाही.

५. हातांचा प्रश्न : अक्रा, दिल्ली, बंगळूर

दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकार पीटर ह्यूगो याने घाना देशाची राजधानी अक्रा येथील अगबोगब्लोशी या भंगारवस्तीत २००९ व २०१० या वर्षांत काढलेली छायाचित्रे २०११ मध्ये 'पर्मनंट एरर' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काळवंडलेली जमीन, तांबे मिळविण्यासाठी पेटविलेल्या केबलींचा धूर आणि त्यासमोर थेट आपल्याकडे पाहणारे तरुण कामगार असे त्यांचे स्वरूप आहे. अनेक छायाचित्रांच्या शीर्षकांत त्या कामगारांची नावे आहेत. ज्यांच्या हातांची नोंद कोठेच नसते, त्यांना नाव आणि चेहरा मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु याच छायाचित्रांसंबंधी एक अस्वस्थ करणारा मुद्दा उरतो. धूर हा त्यांच्या रंगसंगतीचाच भाग झालेला आहे. कामगार काम करताना क्वचितच दिसतो, बहुधा तो उभा असतो. त्याचे कौशल्य, म्हणजे कोणत्या यंत्रात कोणता धातू आहे हे ओळखणे, सुटे करणे, भाव ठरविणे, हे सर्व छायाचित्राच्या बाहेर राहते. तेथील पुष्कळशी उपकरणे वापरण्यासाठी म्हणून आयात झालेली आणि स्थानिक घरांत वापरून जुनी झालेली होती, ही गुंतागुंतही प्रतिमेत सामावत नाही. जुलै २०२१ मध्ये ही भंगारवस्ती शासनाने हटविली. वस्ती गेली आणि तिची चित्रे संग्रहांत राहिली. हातांना चेहरा देताना त्यांचे ज्ञान हिरावून घेतले जाऊ शकते, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांचा 'ट्रॅश' हा प्रकल्प या दृष्टीने वेगळा आहे. त्यात केवळ ई-कचरा नाही, सर्व प्रकारचा शहरी कचरा आहे. सुंदरम यांनी दिल्लीतील कचरावेचकांच्या सहभागातून आपल्या कार्यशाळेत कचऱ्याचे एक विस्तीर्ण शहर उभारले, त्याची छायाचित्रे घेतली आणि २००८ मध्ये ती प्रदर्शित झाली. याच कामाच्या ओघात २००५ मध्ये घडलेल्या एका चित्रफितीत कचऱ्याच्या ढिगावर निजलेला एक मुलगा अलगद हवेत वर उचलला जातो. येथे वेचक हा केवळ चित्रविषय नसून तो रचनेच्या प्रक्रियेत सामील आहे. मात्र प्रक्रियेत सामील असणे आणि श्रेयात सामील असणे यांत अंतर राहते. प्रदर्शनाच्या भिंतीवर नाव एकाचेच असते. हा दोष एकट्या सुंदरम यांचा नाही, तो कलाव्यवहाराच्या रचनेतच आहे.

बंगळूरचे कलावंत कृष्णराज चोनाट यांचे 'माय हँड्स स्मेल ऑफ यू' हे मांडणशिल्प २०११ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात भरलेल्या 'पॅरिस-दिल्ली-बॉम्बे' या प्रदर्शनात होते. त्यात ई-कचरा आणि चंदनाचा साबण यांना एकत्र आणलेले आहे. कर्नाटकाच्या मातीतील चंदन परदेशी जाते आणि तेथील निकामी यंत्रे या देशात येतात, असा दुहेरी व्यापार या दोन पदार्थांच्या जुळणीतून सूचित होतो. परंतु या कृतीचे खरे वेगळेपण तिच्या शीर्षकात आहे. 'माझ्या हातांना तुझा वास येतो' या वाक्यातील 'हात' हे कलावंताचे असू शकतात, भंगार फोडणाऱ्याचेही असू शकतात आणि साबणाने हात धुऊन मोकळ्या होणाऱ्या ग्राहकाचेही. वास हे असे संवेदन आहे की ते दुरून, चौकटीतून घेता येत नाही. छायाचित्रातील धूर डोळ्यांना सुंदर वाटू शकतो, वास मात्र श्वासातूनच घ्यावा लागतो. कामगाराचे चित्र न दाखविताही त्याच्या शरीराशी प्रेक्षकाचे नाते जोडण्याची किमया येथे साधली आहे. हातांच्या प्रश्नाला या लेखात घेतलेल्या कृतींपैकी सर्वांत समर्पक उत्तर हीच कृती देते, असे मला वाटते.

६. पुढच्या प्रवासाचा प्रश्न : ग्वाचॉनचा मनोरा

नाम जून पैकने १९८८ मध्ये दक्षिण कोरियातील ग्वाचॉन येथील राष्ट्रीय कला संग्रहालयासाठी 'द मोअर द बेटर' हा मनोरा रचला. त्यात १,००३ दूरचित्रवाणी पडदे आहेत. ही संख्या ३ ऑक्टोबर या कोरियाच्या राष्ट्रस्थापना दिनाची खूण आहे. हा मनोरा भंगारातून घडलेला नव्हता. तो तत्कालीन उद्योगाच्या वैभवाचा जणू विजयस्तंभ होता.

पण काळाने त्याचा अर्थ पालटला. चित्रनलिकांचे उत्पादन जगभर बंद होत गेले, पडदे एकामागून एक निकामी होऊ लागले आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१८ मध्ये संपूर्ण मनोरा बंद करावा लागला. दीर्घ दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. शक्य तेथे जुन्या चित्रनलिका दुरुस्त करून वापरल्या गेल्या आणि जेथे ते शक्य नव्हते तेथे नव्या धाटणीचे सपाट पडदे बसविले गेले. म्हणजे कलाकृती जिवंत ठेवण्यासाठी दुसऱ्यांच्या टाकून दिलेल्या संचांचे सुटे भाग शोधावे लागले. भंगारातून कला निर्माण होते, हे आपण नेहमी ऐकतो. येथे कलाच भंगार होऊ लागली आणि भंगारानेच तिला वाचविले.

गार्नेट हर्ट्झ आणि युसी पारिका यांनी २०१२ मधील एका निबंधात 'झोंबी माध्यमे' ही संकल्पना मांडली. माध्यमे मरत नाहीत, ती वापरातून जातात आणि मातीत, हवेत, संग्रहात अन्य रूपाने वावरत राहतात, असा तिचा आशय आहे. जेनिफर गॅब्रिस यांनीही 'डिजिटल रबिश' (२०११) या ग्रंथात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा विचार त्यांच्या अवशेषांपासून सुरू केला आहे. ग्वाचॉनचा मनोरा हे या विचारांचे अनाहूत उदाहरण होय. 'टिकाऊ' हा शब्द या कलेला किती जपून लावला पाहिजे, हे तो दाखवितो.

७. सोने आणि त्याची स्मृती

या चर्चेत टोकियो ऑलिंपिकच्या पदकांचा उल्लेख उद्बोधक ठरेल. २०१७ ते २०१९ या काळात जपानी नागरिकांकडून सुमारे ७९ हजार टन लहान उपकरणे आणि त्यांखेरीज सुमारे ६२ लाख मोबाईल संच गोळा करण्यात आले. त्यांतून ३२ किलो सोने, सुमारे ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझ मिळवून सुमारे ५,००० पदके घडविली गेली. रीतसर संकलन आणि शास्त्रीय पुनर्चक्रण यांचा हा आदर्शच म्हणावा लागेल. परंतु सौंदर्याच्या अंगाने पाहता, पदकात आल्यावर सोने आपला सारा भूतकाळ विसरते. ते कोणत्याही खाणीतल्या सोन्यासारखेच चमकते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला मराठी वाचकाला अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आठवल्यावाचून राहत नाही. खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा मुंबईच्या स्मशानांतील राख चाळून सोन्याचे कण मिळवितो आणि अखेरीस त्याच शोधात हाताची बोटे गमावतो. सोनाराच्या दुकानासमोरील धूळ धुऊन सोने काढणारे झारेकरी आपल्या समाजाला पूर्वीपासून माहीत होते. पण अण्णा भाऊंनी त्या सोन्याची किंमत बोटांत मोजली. सर्किट बोर्ड तेजाबात बुडवून सोने काढणाऱ्या आजच्या कामगाराच्या हातांचे वर्णन करण्यासाठी मराठीला नवी प्रतिमा शोधण्याची गरज नाही, ती आपल्या साहित्यात अगोदरच आहे. पदक सोन्याची स्मृती पुसते आणि कथा ती जपते. ई-कचऱ्याच्या कलेने या दोहोंपैकी कोणाच्या बाजूला उभे राहायचे, हा तिच्यापुढील मूलभूत प्रश्न आहे.

८. एक आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेतला जाऊ शकतो की, कलेवर सामाजिक हिशेबाचे ओझे लादणे योग्य नव्हे. आकाराचा, पोताचा, रंगाचा आनंद हा स्वायत्त आहे आणि सर्किट बोर्डाच्या हिरव्या पाटीवरील तांबूस नक्षी कोणाला सुंदर वाटली तर त्यात गैर काय? हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. ती नक्षी सुंदर असते, हे मान्यच आहे.

परंतु येथे स्वायत्ततेचा दावा स्वतः कलावंतच सोडून देत असतात. 'ई-कचऱ्यापासून' हे शब्द शीर्षकात घातले की प्रेक्षकाकडून सहानुभूती आणि नैतिक समाधान यांची मागणी केली जाते. ज्या कृतीने नैतिक श्रेय मागितले आहे, तिला नैतिक प्रश्न विचारणे हा समीक्षेचा अधिकारच नव्हे, तर कर्तव्य आहे. शिवाय वर दाखविल्याप्रमाणे हे प्रश्न कलेच्या बाहेरचे नाहीत. 'वी मॅन'चा आकार उगमाच्या प्रश्नातून आला आणि चोनाट यांच्या कृतीतील वासाची योजना हातांच्या प्रश्नाशी निगडित आहे. प्रश्न टाळल्याने कृती अधिक शुद्ध होत नाही, ती अधिक पोकळ होते.

९. महाविद्यालयीन संदर्भ

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या स्पर्धांकडे वळणे आवश्यक आहे, कारण आपणा प्राध्यापकांचा या कलेशी प्रत्यक्ष संबंध तेथेच येतो. अशा उपक्रमांत विद्यार्थी हातमोज्यांवाचून बोर्ड कापतात, त्यावरील भाग तापवून सुटे करतात आणि कधी जुनी चित्रनलिकाही उघडतात. बोर्ड कापताना उडणारी बारीक पूड, सोल्डर तापविताना निघणारा धूर, भार साठवून ठेवणारे कपॅसिटर आणि भोक पडताच पेट घेऊ शकणारी लिथियम बॅटरी यांविषयी त्यांना क्वचितच सांगितले जाते. पर्यावरणाचा संदेश देणाऱ्याच उपक्रमात भंगारवस्तीतील धोका लहान प्रमाणावर पुन्हा उभा राहतो, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

प्रदर्शन संपल्यावर काय होते, हाही प्रश्न आहे. फेव्हिकॉल आणि रंग लावलेला बोर्ड पुनर्चक्रणासाठी अधिक अवघड होतो. काही काळ कपाटावर राहिलेली मूर्ती एके दिवशी सेवकवर्गाच्या हातून सामान्य कचऱ्यात जाते. भारतात ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये अधिसूचित होऊन १ मे २०१२ पासून लागू झाले, २०१६ मध्ये ते बदलले आणि २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच जावा, हा या सर्व नियमांचा गाभा आहे. आपल्या स्पर्धेतील मोर त्या मार्गाने जातो का, हे आयोजकांनी पाहिले पाहिजे.

यासाठी स्पर्धा बंद करण्याची गरज नाही, तिचे निकष बदलणे पुरेसे आहे. चित्रनलिका, बॅटरी, ट्यूब आणि बोर्डाची कापाकापी वर्ज्य करून, अगोदरच सुटे झालेले निर्धोक भाग वापरता येतील. प्रत्येक कृतीसोबत विद्यार्थ्याने उगम, हात आणि पुढचा प्रवास यांविषयी एक पानाचे टिपण द्यावे आणि गुणांचा मोठा भाग त्या टिपणाला असावा. भाग गोंदाने न चिकटविता स्क्रूने किंवा तारेने जोडावेत, म्हणजे प्रदर्शनानंतर ते सुटे करून रीतसर सुपूर्द करता येतील. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने, जिच्या सभासदांत दलित स्त्रिया बहुसंख्य आहेत, कचरा वेचणे हे ज्ञानाचे आणि प्रतिष्ठेचे काम आहे हे महाराष्ट्रापुढे मांडले आहे. गावातील भंगार व्यावसायिकाला किंवा वेचक भगिनीला परीक्षक म्हणून व्यासपीठावर बोलाविले, तर कोणत्या वस्तूत काय आहे हे तिथे बसलेल्या अनेकांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते, याचा प्रत्यय विद्यार्थ्यांना येईल.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. 'टाकाऊपासून टिकाऊ' ही संकल्पना निरुपद्रवी आणि परिचित वस्तूंच्या पुनर्वापरातून आलेली आहे. विषारी व अनामिक अशा ई-कचऱ्याला ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

२. ई-कचऱ्याच्या कलेचे समर्थन कचरा कमी करण्याच्या दाव्यावर करता येत नाही. तिचे मूल्य ती कोणता संबंध दृश्यमान करते यावर अवलंबून आहे.

३. उगम, हात आणि पुढचा प्रवास हे तीन प्रश्न नैतिक असले तरी ते कलाकृतीच्या घाटाशी निगडित आहेत. ज्या कृतींनी ते आत्मसात केले त्या घाटाच्या दृष्टीनेही अधिक समर्थ ठरल्या आहेत.

४. महाविद्यालयीन उपक्रमांत हे निकष स्वीकारल्यास विद्यार्थ्यांचे आरोग्य, कचऱ्याची रीतसर विल्हेवाट आणि कलेविषयीची जाण या तिन्ही गोष्टी साधता येतील.

मदरबोर्डातून घडविलेला मोर सुंदर दिसू शकतो. तथापि त्याच्या पिसाऱ्यातील प्रत्येक भाग कोणीतरी वापरला होता, कोणीतरी फोडला होता आणि तो पुढेही कोणाच्या तरी हाती जाणार आहे. एवढे ज्ञान त्या मोराकडे पाहताना आपल्या विद्यार्थ्याला व्हावे, ही अपेक्षा कलाशिक्षणाकडून करणे अवाजवी ठरू नये.